‘अशी मुलं अशीच असतात’ म्हणून सोडून देऊ नका

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

‘माझा धाकटा भाऊ ४७ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून तो गोव्यात फोंडा तालुक्यात आमच्याकडे असतो. रोज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की हा पिशवी घेऊन फाटकावर हजर. आठ उंडे (पाव) मोजून घ्यायचा, सुटे पैसे माझ्या हातात आणून द्यायचा. गेल्या पावसाळ्यापासून रिकामी पिशवी घेऊन परत येतो. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना कशानंतर काय टांगायचं ते घरात त्याला एकट्याला पाठ असे. या वेळी सुपारीचा घोस हातात धरून नुसता उभा राहिला. जिना उतरायला घाबरतो. दिवसा पेंगतो, रात्री उठून घरभर फिरतो. कधी रागावत नसे, आता ताट ढकलून देतो. “आई कुठे?” विचारतो. आई गेली तेव्हा त्याला मावशीकडे ठेवलं होतं, म्हणून आम्ही “बाजारात गेलीय” असं सांगतो. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, अशी मुलं अशीच असतात, आता वय झालं. पुण्याचा मोठा भाऊ म्हणतो, डाऊन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर होतोच, काही उपयोग नाही, एखाद्या संस्थेत ठेव. खरं काय आहे? आई गेल्यामुळे हे झालं का? माझ्या हातून काही कमी पडलं का? माझ्या मुलांनाही हे होईल का?’

ताई,

४७ वर्षांच्या माणसाला ‘अशी मुलं’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मी फार शब्द खर्च करत नाही. पण त्या एका वाक्यापायी तुमचे कितीतरी महिने फुकट गेले. डाऊन सिंड्रोम तुमच्या भावाला जन्मापासून आहे, तो गेल्या पावसाळ्यात आलेला नाही. मग गेल्या पावसाळ्यात काय आलं, एवढाच प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता.

पुण्याचे भाऊ सांगतात त्यातलं अर्धं बरोबर आहे. आधी ते अर्धं सांगते, म्हणजे तुमच्या मनाला लागलेले दोन-तीन प्रश्न तिथेच मिटतील.

डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे १९५९ मध्ये फ्रान्समध्ये जेरोम लेझ्युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. आता योग असा की, याच २१व्या गुणसूत्रावर एपीपी नावाचं जनुक आहे. त्यापासून जे प्रथिन बनतं त्याचे तुकडे होऊन अमायलॉइड तयार होतं, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत जी पुटं साचतात ती याच अमायलॉइडची. जनुकाची एक प्रत जास्त, म्हणून हा माल जन्मभर जास्त तयार होत राहतो. वयाच्या चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत ही पुटं आणि पेशींतले प्रथिनांचे गुंते दिसू लागतात. प्रत्यक्ष लक्षणं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, सरासरीने पन्नाशीच्या पहिल्या निम्म्यात सुरू होतात. साठीपर्यंत निम्म्याहून अधिक जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेला असतो, आणि पुरेसं आयुष्य मिळालं तर हा धोका ९० टक्क्यांच्या वर जातो. इतर कुठल्याच मोठ्या समूहात अल्झायमरचं प्रमाण एवढं नाही.

हे सगळं त्या एका जनुकामुळेच होतं कशावरून, असं कुणी विचारेल. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक नोंद आहे: डाऊन सिंड्रोम असलेली ७८ वर्षांची एक स्त्री. तिच्यात २१व्या गुणसूत्राचा काही भागच जास्तीचा होता आणि एपीपीचं जनुक नेमकं त्या भागात नव्हतं. तिला शेवटपर्यंत डिमेन्शिया झाला नाही, आणि मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूतही अल्झायमर सापडला नाही.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण ते दिसायला माणूस तेवढा जगावा लागतो. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं, आज ते साठीच्या आसपास पोहोचलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया, प्रतिजैविकं आणि घरात मिळणारी माया यांनी ही माणसं म्हातारी होऊ लागली. त्यांच्या म्हातारपणाची तयारी मात्र कुणीच केली नव्हती. डॉक्टरांनीही नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

आता तुमचे प्रश्न. आई गेल्यामुळे अमायलॉइड साचत नाही. तुमच्या सांभाळण्यात काही कमी पडल्यामुळेही नाही. हे कायमचं डोक्यातून काढून टाका. आणि मुलांचं म्हणाल तर त्याला अल्झायमर झालाच तर तो त्याच्या त्या तिसऱ्या प्रतीमुळे, आणि ती प्रत तुमच्या मुलांकडे नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे ९५ टक्के जणांत ही जास्तीची प्रत घराण्यातून आलेलीच नसते. फार थोड्या घरांत ट्रान्सलोकेशन नावाचा प्रकार असतो, म्हणजे २१व्या गुणसूत्राचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो. भावाची गुणसूत्रांची तपासणी कधी झाली असेल तर तो कागद शोधून ठेवा. मुलांच्या लग्नानंतर एखाद्या डॉक्टरला दाखवता येईल. आज त्यावर झोप उडवू नका.

पुण्याच्या भावांचं जे अर्धं चुकलं आहे ते जास्त महत्त्वाचं. मेंदूत पुटं असणं म्हणजे डिमेन्शिया झालेला असणं नव्हे. आणि या वयात डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसात अल्झायमरचं हुबेहूब सोंग घेणाऱ्या अर्धा डझन गोष्टी असतात, ज्यांतल्या बहुतेक दुरुस्त होतात. त्या तपासल्याशिवाय ‘अल्झायमर’ हा शब्द कुणाला कागदावर लिहू देऊ नका.

सगळ्यात आधी थायरॉइड. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं सर्रास आढळतं की दर एक-दोन वर्षांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायलाच हवी. तुमच्या भावाची शेवटची कधी झाली, पत्रात काही नाही. पेंगणं, मंदपणा, कशातच रस नसणं हे सगळं एका स्वस्त गोळीच्या अभावी असू शकतं. त्याच रक्तात बी-१२, साखर, हिमोग्लोबिनही पाहून घ्या.

मग झोप. रात्री फिरणं आणि दिवसा पेंगणं वाचून मला पहिला संशय आला तो स्लीप ॲप्नियाचा. लहान जबडा, मोठी जीभ, सैल स्नायू, यांमुळे झोपेत श्वास अडकतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांत निम्म्याहून अधिक जणांना हा त्रास असतो. रात्री तासभर त्याच्या खोलीत बसा. घोरता घोरता एकदम शांत होतो का? मग दचकून श्वास घेतो का? बसल्या बसल्या, मान पुढे टाकून झोपतो का? फोनवर व्हिडिओ काढा. ओपीडीत तुम्ही दहा मिनिटं सांगाल त्यापेक्षा तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरला जास्त सांगेल.

जिन्याची भीती. या माणसांना मोतीबिंदू लवकर होतो, आणि डोळ्यांना खोली कळेनाशी झाली की पायरी आणि जमीन एकच दिसते. त्यावर आपल्या घरांतला तो लालभडक गुळगुळीत कोबा! डोळे तपासून घ्याच. पण त्याची चालच बदलली असेल, पाय फाकून चालत असेल, हाताची पकड सैल झाली असेल किंवा कपड्यांत लघवी होऊ लागली असेल, तर मानेचा एक्स-रे किंवा एमआरआय याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि मज्जारज्जूवर दाब येतो. हे डिमेन्शिया समजून सोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो.

कान. यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ घट्ट बसतो, शिवाय ऐकू येणंही लवकर कमी होतं. पोदेर काय म्हणाला ते ऐकूच आलं नाही तर रिकाम्या पिशवीने परत यावंच लागणार. आणि ताट ढकलतो म्हणालात, तर दात पाहिलेत का? दुखतं हे शब्दांत सांगता येत नाही तेव्हा माणूस ताटच ढकलतो. गिळताना ठसका लागतो का, तेही पाहा.

आता मी मुद्दाम मागे ठेवलेली गोष्ट, दुःख.

आई गेली तेव्हा त्याला मावशीकडे ठेवलं. हे आपल्याकडे घरोघरी होतं. ‘त्याला काय कळणार’ असं म्हणून, मायेनेच होतं. पण त्याच्या बाजूने पाहा: ज्या आईजवळ तो ४५ वर्षं झोपला ती एका दिवसात नाहीशी झाली, त्याचं घर सुटलं, आणि गेली दोन वर्षं ती बाजारातून परत येत नाहीये. अशा माणसाला नैराश्य येईल नाही तर काय? डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं नैराश्य ‘मला वाईट वाटतं’ असं बोलत नाही. तो गप्प होतो, येणारी कामं सोडतो, जेवत नाही, चिडतो. आणि नैराश्यावर उपचार आहेत.

म्हणून आधी त्याला खरं सांगा. ‘देवाघरी गेली’, ‘झोपली’ असलं गोलमोल नको. आईचा फोटो घेऊन जवळ बसा आणि म्हणा, आई आजारी होती, ती वारली, ती आता परत येणार नाही, मी इथेच आहे. रडला तर रडू द्या, तुम्हाला रडू आलं तर तेही चालेल. तिच्या वर्षश्राद्धाला त्याच्या हाताने फुलं वाहू द्या. पुढे कधी डिमेन्शियाचं निदान पक्कं झालं आणि सांगितलेलं दर वेळी पुसलं जाऊ लागलं, तर मात्र धोरण बदलायचं. तेव्हा रोज नव्याने मरणाची बातमी देण्यात अर्थ नाही. ‘आईची आठवण येते ना? ती तुला नेवऱ्या कशा करून द्यायची सांग बघू,’ असं म्हणून त्याच्या भावनेला उत्तर द्यायचं, प्रश्नाला नाही. पण ती वेळ अजून आलेली नाही. एकदा तरी खरं कळण्याचा त्याचा हक्क आहे.

या सगळ्या तपासण्या बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एका आवारात होतात; मानसोपचारासाठी आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळही तिथेच लागून आहे. पण सगळं एका दिवशी उरकायला जाऊ नका. रांग, गर्दी, अनोळखी हात, यांनी तो बिथरेल आणि बिथरलेल्या माणसाची कुठलीच तपासणी खरी येत नाही. एका खेपेला रक्त आणि कान, दुसऱ्या खेपेला डोळे. रक्त फोंड्यातच देता येत असेल तर आणखी बरं.

निदान कसं करतात तेही समजून घ्या, नाहीतर पुन्हा कुणीतरी त्याला ‘आज कोणता वार, शंभरातून सात वजा कर’ असं विचारेल आणि नापास करेल. असल्या चाचण्या तो विशीतही नापास झाला असता. डाऊन सिंड्रोममध्ये तुलना करायची ती त्याची त्याच्याशीच. तो पस्तिशीत काय करत होता, आज काय करतो. खरं तर चाळिशीपासून दरवर्षी अशी नोंद ठेवावी असं या विषयातले डॉक्टर सांगतात. ती राहून गेली असली तरी हरकत नाही, मागे जाऊन लिहून काढा. एका वहीत: आंघोळ स्वतः करायचा का, बटणं लावायचा का, टीव्हीचं कुठलं चॅनल स्वतः लावायचा, किती माणसांची नावं सांगायचा, पैसे कुठपर्यंत मोजायचा. मावशीला विचारा, तो ज्या शाळेत जायचा तिथल्या बाईंना विचारा, जुन्या लग्नाच्या सीडी काढून बघा. प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की आता काय, आणि साधारण कधीपासून. पोदेराची आणि माटोळीची गोष्ट जशी पत्रात लिहिलीत तशीच लिहा. माटोळीत काय लटकवायचं हे आठवणं एक, आणि कशानंतर काय हा क्रम लावणं वेगळं. डाऊन सिंड्रोममधल्या अल्झायमरची सुरुवात पुष्कळदा विसरण्यापासून होत नाही. क्रम लावणं, योजून काम करणं, स्वभाव, उत्साह, यांत आधी फरक पडतो. घरचे म्हणतात ‘हट्टी झाला’, ‘आळशी झाला’. तुमच्या पत्रातली ही एक गोष्ट मला खरोखर काळजीची वाटली, म्हणून ती लपवत नाही.

आणखी एक पाहा: सकाळी उठल्यावर हातपाय झटकन उडतात का, हातातला कप फेकल्यासारखा पडतो का, फिट आली का? चाळिशीनंतर डाऊन सिंड्रोममध्ये नव्याने झटके सुरू झाले तर ते बरेचदा अल्झायमरबरोबरच येतात. तसं दिसलं तर वहीबिही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जा. झटक्यांवर औषध असतं.

सगळं तपासून शेवटी अल्झायमरच निघाला तर? तो बरा करणारं औषध आज नाही. डोनेपेझिल काहींना थोडी मदत करतं, पण त्याने हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून ईसीजी पाहून, अगदी कमी मात्रेने सुरू करतात. मेमँटिन या दुसऱ्या औषधाची डाऊन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढच्या लोकांवर ब्रिटन आणि नॉर्वेत नीट चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. पेपरात ज्यांचे मथळे येतात ती लेकॅनेमॅबसारखी अमायलॉइड काढणारी नवी इंजेक्शनं? त्यांच्या मुख्य चाचण्यांत डाऊन सिंड्रोमची माणसं घेतलीच नव्हती. या लोकांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड साचतं, त्यामुळे रक्तस्रावाची भीती जास्त. कुणी नातेवाईक परदेशातून मागवतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. त्यापेक्षा घरातला औषधांचा डबा तपासा. सर्दीच्या, ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, लघवीवरच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या अशा मेंदूला आणखी गोंधळात टाकतात. रात्री फिरतो म्हणून कुणी झोपेची गोळी लिहून दिली असेल तर, विशेषतः ॲप्निया तपासला नसताना, ती चालू ठेवण्याबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारा.

निदान काहीही येवो, घरात काही गोष्टी आजच करा. तुमच्या अंगणात विहीर असेलच. तिच्यावर जाळी आहे का? रात्री फिरणाऱ्या माणसाच्या घरात हे सगळ्यात आधी. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी रंगवा. दारातलं गडद पायपुसणं काढा, कमी दिसणाऱ्याला तो खड्डा वाटतो. संडासात रात्रभर दिवा राहू दे.

त्याचं काम काढून घेऊ नका, लहान करा. आठ उंडे मोजणं जमत नाही तर मोजून घ्या तुम्ही, पिशवी त्याने धरावी. चूक झाली तर ‘अरे, कालपर्यंत येत होतं ना!’ हे वाक्य घरात बंद. त्याला न येणं त्यालाही कळत असतं, चिडचिड त्यातूनच येते.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही, तेही ओळखीचंच आहे. डिमेन्शिया असलेल्यांच्या घरच्यांसाठी एक अभ्यास आपल्या गोव्यातच झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच माणसांना थोडं शिकवून घरोघरी पाठवलं, त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, समजावलं, मार्ग सुचवले, तर सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण खरोखर कमी झाला. म्हणजे तुम्हाला मदत लागणं यात कमीपणा नाही. बांबोळीला जाल तेव्हा स्वतःच्या झोपेबद्दल आणि पाठदुखीबद्दलही बोला.

राहिले पुण्याचे भाऊ. संस्थेत ठेवणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. कधी तुमचंच शरीर थकलं तर तो विचार करावा लागेल आणि तो तुम्ही अपराधी न वाटता करावा. पण तपासणीच्या आधी, निदानाच्या आधी, नुकतंच एक घर सुटलेल्या माणसाचं दुसरंही सोडवायचं, याला मी तयार नाही. त्यांना सांगा, सल्ला पुरे, वर्षातून दोनदा पंधरा दिवस इथे येऊन राहा आणि मला सुट्टी द्या. बांबोळीच्या एका खेपेला त्यांनी बरोबर असावं.

आणि कागदपत्रं. आपल्याकडच्या नागरी कायद्याने आईच्या मिळकतीत तिन्ही भावंडांचा वाटा आहे, त्याचाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया, अजून झाली नसेल तर त्याचं नाव कुठे गळणार नाही हे वकिलाला स्पष्ट सांगा. आई होती तोवर त्याच्या वतीने सही कोण करतं हा प्रश्न आला नसेल. आता येईल, बँकेत आणि इस्पितळातही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तो तुम्ही करा, आणि पुण्याच्या भावांची लेखी संमती आताच घेऊन जोडा. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च तीत येतो. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड असेल तर मुदत पाहून घ्या, नसेल तर काढा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधन आईच्या पत्त्यावर, तिच्याबरोबरच्या खात्यात येत होतं का, हेही बघा. खातं बंद पडून पैसे अडकलेली घरं आहेत.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा: टीएसएचचा आकडा, कानात काय निघालं, आणि रात्रीच्या व्हिडिओत श्वास थांबताना दिसतो की नाही.